बिराप्पाची बहीण

बिदरला मैलूरमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा काय करतो हेही विचारलं नाही. दार अर्धवट उघडून त्या म्हणाल्या, "आ कर."

मी मुकाट्यानं आ केला. त्यांनी चवड्यांवर उभं राहून माझ्या तोंडाचा वास घेतला, थोडा विचार केला आणि दार सताड उघडलं.

"लसूण लई खातीस," म्हणाल्या. "ये आत."

ह्या सुंद्राक्का. दारू पिणारा भाडेकरू नको, एवढी एकच त्यांची अट होती, आणि ती पाळली जाते की नाही हे त्या स्वतःच्या नाकानं तपासत. वरच्या खोलीतले हायस्कूलचे सर रोज संध्याकाळी जिन्याशी थांबून आ करत आणि मगच वर जात. सरांचे विद्यार्थी त्यांना टरकून असत म्हणे. बँकेत काम करणाऱ्या एका तरुणानं एकदा खोकल्याचं औषध घेतलं होतं. अक्कांनी त्याला बाटली खाली आणायला लावली, तिच्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं आणि ती बाटली मोरीत रिकामी केली. "खोकला चालतोय मला," त्याला म्हणाल्या. "ह्ये न्हाई चालत."

अक्का ठेंगण्या होत्या, रुंद होत्या आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला दिसला की ओट्यावरूनच त्याला भाव सांगत. भाव विचारायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. रागावल्या की त्या कानडीत बोलत, माया आली की मराठीत, आणि सरकारी माणूस दारात आला की दखनी उर्दूत, मग त्याला कुठलीही भाषा येत असो. मी पडले रक्त गोळा करणारी, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं बारसं केलं. शेवटपर्यंत त्या मला 'रगतवाली' म्हणायच्या. चारचौघांत हाक मारली की नवखी माणसं दचकून बघायची.

दारूवरच्या ह्या रागामागं एक माणूस होता. दुबलगुंडीचा बिराप्पा, अक्कांचा पाठचा भाऊ. घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं, आता शेतीत स्थिरावलेलं. बिराप्पानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याला चहासुद्धा चढायचा, असं अक्का सांगत. पण त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय लटपटायला लागले. आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं, त्यात दिवस गेले, मग कलबुर्गीचा दवाखाना. यकृताचा कर्करोग निघाला तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आणि पिवळे डोळे, फुगलेलं पोट, लटपटते पाय असं सगळं एका माणसात दिसलं की आमच्याकडे निदानाला डॉक्टर लागत नाही. गावानं ते केव्हाच करून टाकलं होतं.

बिराप्पा गेल्यावर त्याची मुलगी रेणुका लग्नाची होती. आमच्या भागात सोयरीक बघायला येणारी माणसं थेट मुलीच्या घरी जात नाहीत. आधी स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतात आणि हॉटेलवाल्याला घराण्याबद्दल विचारतात. चिटगुप्प्याच्या पाहुण्यांनी काशिनाथच्या हॉटेलात तसंच विचारलं. काशिनाथ म्हणाला, "मानूस लई चांगला होता. पन..." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेवढं पुरलं. पाहुणे चहा संपवून आल्या वाटेनं परत गेले. घरी रेणुका नवी साडी नेसून बसली होती आणि चुलीवरचं उप्पीट निवत होतं.

"मेल्यावर बी माझ्या भावाच्या तोंडाला वास यायलाय म्हनतेत लोक," अक्का मला म्हणाल्या होत्या. "मला त्यो वास काढायचाय, रगतवाली."

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. यकृताचा कर्करोग जगातल्या सगळ्या वंशांना, सगळ्या समाजांना सारखा होत नाही. कुठे जास्त, कुठे कमी. कुठे पिणाऱ्यांना, तर कुठे थेंबही न घेणाऱ्यांना. त्यात खाण्यापिण्याचा वाटा किती, काविळीच्या विषाणूचा किती आणि आईबापाकडून रक्तातून आलेल्याचा किती, हे शोधायला ठिकठिकाणच्या लोकांचं रक्त जमवलं जात होतं. बिदर-कलबुर्गीचा पट्टा आमच्या पथकाकडे होता. मी रक्त घ्यायचे आणि डॉक्टर सेन वंशावळी काढायचे. सेन कोलकात्याचे, सडपातळ, हळू बोलणारे आणि इतके सावध की आज ऊन आहे असं म्हणायच्या आधीसुद्धा 'बहुधा' लावत.

हे सगळं मी एकदा अक्कांना ज्वारी निवडता निवडता सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी, पेल्याबिगर बी हुतंय?"

"होतं की, अक्का."

"ह्ये कोन म्हनतंय?"

"आमचे डॉक्टर."

"बोलीव त्याला."

सेन आले. भला मोठा कागद पसरून अक्कांच्या ओट्यावर बसले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, अशी त्यांची रीत. मी नेमकी वरच्या सरांचं रक्त घ्यायला गेले होते, त्यामुळे पुढचा सगळा व्यवहार अक्कांची दखनी आणि सेनांची बंगाली वळणाची हिंदी ह्यांच्यात झाला. नवऱ्याचं नाव काय? अक्का लाजल्या आणि पलंगावर बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मामा." सेनांनी एक चौकोन काढला. आईला भाऊ किती? "एकच. यशवंता." सेनांनी वरच्या ओळीत दुसरा चौकोन काढला. सासू? "माजी आजीच की." सेनांनी नुसतं 'वृद्ध' असं लिहिलं.

ते दोन्ही चौकोन एकच होते. अक्कांचं लग्न सख्ख्या मामाशी झालं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण मामाचं घेतलेलं चालतं. आमच्याकडे ह्यात नवल काही नाही, पण सेनांच्या गावी असलं कुणी ऐकलंही नसावं. यशवंतमामांनी त्या दिवशी नवरा म्हणून रक्त दिलं. पुढच्या आठवड्यात मी रजेवर असताना माझ्या जागी दुसरा माणूस कागद घेऊन आला आणि म्हणाला, मामांचं रक्त राहिलंय. अक्कांनी आत हाक मारली. मामा आले, बसले आणि बाही वर केली. लग्न झाल्यापासून कुठल्याच बाबतीत 'का, कामून' असं त्यांनी विचारलं नव्हतं. रक्तासारख्या किरकोळ गोष्टीसाठी ते कशाला विचारतील?

काही महिन्यांनी सेन जवळजवळ पळतच मैलूरला आले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. प्रयोगशाळेतून फोन आला होता. "जुळे!" ते म्हणाले. "ह्या घरात हुबेहूब एका रक्ताचे जुळे आहेत! दुसरे गृहस्थ कुठे आहेत?"

मी अक्कांना सांगितलं. अक्कांनी पलंगावर घोरणाऱ्या यशवंतमामांकडे बघितलं, मग सेनांकडे बघितलं.

"ह्यो एकच माझ्यानं निभत न्हाई," म्हणाल्या. "दुसरा कुटनं आनू?"

घोळ उलगडल्यावर सेनांनी कागद पुन्हा पसरला. मग त्यांनी वरचा चौकोन खोडला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रेघा खालच्या चौकोनाकडे वळवल्या. सासूचा गोल आजीच्या गोलावर आला, आणि सगळा कागद टोपली विणल्यासारखा दिसायला लागला. तुमचा स्वतःचा गोंधळ नाही का होत, असं त्यांनी अक्कांना विचारलं.

"गोंधळ कामून व्हायचा? एका मानसाला जेवू घातलं की दोन नाती जेवतेत. सोयच की वो."

सेन हसले, पण ते त्यांनी मनावर घेतलं. एकाच रक्तात पुन्हा पुन्हा लग्नं झाली, तर रक्तातून येणारी एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकते, असं त्यांनी मला अक्कांना समजावून सांगायला लावलं. अक्कांनी ते नीट ऐकून घेतलं.

नंतर सेनांना तुलनेसाठी दुबलगुंडीतलीच, पण अक्कांच्या नात्यात नसलेली माणसं हवी होती. अक्का म्हणाल्या, माझ्यावर सोडा. त्यांनी मारुतीच्या देवळापुढे निम्मं गाव बसवलं. सेनांनी पहिल्या म्हाताऱ्याला विचारलं, ह्या तुमच्या कोण? "भैन." दुसऱ्याला विचारलं. "आत्या." तिसरे शिंपीकाम करणारे मेहबूबभाई होते, त्यांच्याकडे सेनांनी मोठ्या आशेनं बघितलं. मेहबूबभाई म्हणाले, "फुप्पू." सेनांनी पेनाला टोपण लावलं. माहेरवाशीण म्हटल्यावर ती सगळ्या गावाची बहीण आणि आत्या असते, हे मी त्यांना सांगितलं खरं, पण अक्कांनाच राग आला होता. "गावात नात्याबाहीरचं कोन असतंय? नात्याबाहीरचे पायजेत तर तुमच्या कलकत्त्यात बगा."

एवढं सगळं झाल्यावर अक्कांनी विचारायचं ते विचारलं. "मग माझ्या भावाचं काय आलं?"

सेनांनी सांगितलं की हे एकेकट्याचं उत्तर नसतं. पुष्कळ लोकांचं रक्त तपासायचं, त्याला वर्षं लागतात, आणि मग कळलं तर एखाद्या समाजाबद्दल काही कळतं. एका माणसाबद्दल नाही. शिवाय बिराप्पा आमचं पथक येण्याआधीच गेला होता, त्याचं रक्त आता मिळणार नव्हतं.

अक्कांनी सुपातली ज्वारी उगाचच पाखडली. "एवढं रगत दिलं," म्हणाल्या. "समाजाला काय करू? मला माझ्या भावाचं पायजे होतं."

मला फार वाईट वाटलं. सेनांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, एक गोष्ट खरी आहे आणि ती मी कुठेही सांगायला तयार आहे. दारू न पिताही हा रोग होतो.

"गावात बोला," अक्का म्हणाल्या. "माइकवर."

तर देवळापुढे माइक लागला. सेन इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार असं ठरलं होतं. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत अक्कांनी माइक काढून घेतला. "हिचा आवाज जात न्हाई," लोकांना म्हणाल्या. अक्कांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याची त्यांना काही अडचण वाटली नाही.

सेन म्हणाले, कुठल्याही एका व्यक्तीबद्दल खात्रीनं सांगता येणार नाही.

"डॉक्टर म्हनायलेत, बिराप्पाला त्यांनी चांगलं वळखलंय."

सेन म्हणाले, काविळीचा विषाणू, यकृतात साठणारी चरबी, बुरशी लागलेले शेंगदाणे आणि जन्मतः रक्तात असलेलं काही, अशी अनेक कारणं असतात आणि ती एकत्रही येतात.

"दारू सोडून शंभर कारनं हायेत म्हनायलेत, जलमापास्नं रगतात बी असतंय म्हनायलेत. बुरसटल्याले शेंगदाने बी खाऊ नका म्हनायलेत. बिराप्पा थेंब घेत नव्हता, त्येच्याबद्दल डॉक्टरला शंका न्हाई."

आपण बिराप्पाचं नावही घेतलं नसताना मराठीत ते सारखं का येतंय, अशी शंका सेनांना आली. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "त्या बरोबर सांगताहेत ना?"

"बहुधा," मी म्हणाले.

लोक माना हलवत होते. अक्कांचा चेहरा फुलला होता. आणि तेवढ्यात मागून काशिनाथ उठला. माणूस दुष्ट नव्हता. दिवसभर हॉटेलात बसून सगळ्या गावाचं बोलणं त्याच्याकडे जमा व्हायचं आणि ते पुढे सांडायचं, एवढंच.

"अक्का," तो म्हणाला, "दारू न्हाई, रक्तातच असंल म्हनतीस. मग तर लईच अवघड झालं की. दारू बापासंगं जाती. रक्त पोरीत बी आलं असंल. आता तिला करून घील कोन?"

कुणी हसलं नाही. बायांमध्ये बसलेल्या रेणुकानं मान खाली घातली. अक्कांच्या हातातला माइक हळूहळू खाली आला. भावाला दारूतून सोडवलं तर पोर रक्तात अडकत होती. मग त्यांनी माइक पुन्हा वर उचलला.

"ज्याला करायची त्यानं आदी आपलं रगत देऊन यावं," म्हणाल्या. "मग बगू, कोन कुनाला पसंत करतंय."

हशा पिकला. म्हातारेसुद्धा गुडघ्यावर थापा मारून हसले. सभा अक्कांनी जिंकली. मग आम्ही जीपनं परत निघालो. मैलूर जवळ आल्यावर अक्कांनी विचारलं, "रगतवाली, काश्या म्हनला त्ये खरं हाय का गं?"

मी खरं तेच सांगितलं. नक्की कुणालाच माहीत नाही. पण घरात एकाला झालंय, तर भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं, वेळेत कळलं तर उपाय असतो. रेणुका तपासणीच्या नावानंच घाबरली होती. अक्का म्हणाल्या, "तिच्या आदी मी झोपते त्या टेबलावर. काय हुत न्हाई म्हनून दावते पोरीला."

आणि त्या खरोखरच आधी झोपल्या. पोटावर सोनोग्राफीचं थंडगार जेल लावल्यावर त्यांनी कानडीत जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण रेणुका पोट धरून हसली आणि तिची भीती गेली. रेणुकाच्या यकृतात काही निघालं नाही. अक्कांच्या निघालं.

आणखी तपासण्या झाल्या. मग सेनांनी अक्कांना समोर बसवलं. ह्या वेळी त्यांनी 'बहुधा' म्हटलं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं. मी ते मराठीत सांगितलं.

"त्येच का?" अक्कांनी विचारलं. "बिराप्पाचं?"

"तेच, अक्का."

"आनि मी तर कवा पेले न्हाई."

"नाही अक्का."

"सगळ्यांला ठावं हाय मी पेत न्हाई." त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला संताप आला. माणसाला कर्करोग झालाय आणि माणूस लॉटरी लागल्यासारखं बघतंय! मी त्यांना काहीबाही बोलले. हैदराबादला ऑपरेशन करावं लागेल, लगेच निघायला हवं, हे गंभीर आहे, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाऊ की हैदराबादला. ऑपरेशन कुटं पळून जायलंय? आदी दुबलगुंडीला चल."

हैदराबादहून अक्का परत आल्या नाहीत. ऑपरेशन झालं, आता बरं आहे असा निरोपही आला, आणि नंतर दुसरा निरोप आला. त्यामुळे मला त्या शेवटच्या आठवतात त्या दुबलगुंडीच्या स्टँडवरच्या.

सकाळची वेळ होती. हुमनाबादची बस माणसं भरत उभी होती. काशिनाथ हॉटेलाच्या तोंडाशी भजी तळत होता. अक्का बाकड्यावर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काश्या, चा दे. आनि मला सांग, मी कवा दारू पेले का?"

"अक्का, काय बोलायलीस सकाळी सकाळी! तू आनि दारू?"

"मला बिराप्पाचंच झालंय. लिवरचं. डॉक्टरनं बगून सांगितलंय."

काशिनाथचा झारा कढईतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. त्याच्यापेक्षा त्या वयानं मोठ्या. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरलेल्या.

"रडू नको, भजी करपायलेत," अक्का म्हणाल्या. "सांग आता. माझा भाऊ पेत होता का?"

"न्हाई, अक्का."

"मोठ्यानं."

"न्हाई! बिराप्पा पेत नव्हता!"

आतली गिऱ्हाइकं बाहेर बघायला लागली. अक्कांनी चहाचा एक घोट घेतला आणि उभ्या असलेल्या बसकडे मान वळवली.

"बसमदल्यांला ऐकू गेलं न्हाई."

काशिनाथनं खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले. मग तो खरंच रस्ता ओलांडून गेला आणि बसच्या खिडक्यांकडे तोंड वर करून ओरडला, "ऐका वो! आमच्या गावचा बिराप्पा दारू पेत नव्हता! कवाच पेत नव्हता!"

कुणाला काही कळेना. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. मागच्या खिडकीतून एका अनोळखी बाईनं डोकं बाहेर काढलं.

"कोन बिराप्पा?"

अक्कांनी कप बाकड्यावर ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या.

"माजा भाऊ," त्या म्हणाल्या.